नऊ कोर्स आणि जुलैतली ‘आजची’ सुरमई

लग्नाचा पंचविसावा वाढदिवस म्हणून लेकीने पुण्यात बसून आमचं टेबल बुक केलं. वेंगुर्ल्याहून अर्ध्या-पाऊण तासावरचं, समुद्रकाठचं, झकपक हॉटेल. नऊ कोर्सचा टेस्टिंग मेन्यू, माणशी 2800 रुपये. नाव सांगत नाही, तिथे वाढणारी पोरं आपल्याच गावातली आहेत.

जुलैचा दुसरा आठवडा, बाहेर धो धो पाऊस. आत पाच टेबलांपैकी दोनच भरलेली.

सुरुवातीला औषध घ्यायच्या मापाच्या पेल्यात सोलकढी आली, दोन घोट. रंग गडद जांभळट. आमसुलांची सोलकढी फिकट गुलाबी असते, हे कोकणात कोणी मला शिकवू नये. बीट घातलं की काय, असं मी विचारलं. वाढणारा मुलगा खाली बघून हसला. लसूण मात्र नावालाही नव्हती.

मग सुरमई. ताट सायकलच्या चाकाएवढं, मधोमध काडेपेटीएवढा तुकडा, बाजूला हिरव्या तेलाचे तीन थेंब. माझं हार्डवेअरचं दुकान आहे, चाळीस वर्षं खिळे तोलतोय. तो तुकडा चाळीस ग्रॅमच्या वर नव्हता. बायको म्हणाली, “अहो, ताट एवढा मोठा, नि मासो खय आसा?”

मुलगा पाठ केलेलं म्हणत होता, “ही आजच्या समुद्रातली सुरमई...” मी थांबवलं. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना बंदी. होड्या काय थोडं आणतात ते खाडीचं नि किनाऱ्याजवळचं. मग ही सुरमई कुठल्या समुद्रातली? तो म्हणाला, “काका, मेन्यूत तसंच लिहिलंय.” त्याचा काय दोष. सुरमई चवीला बर्फातली होती, कडा कोरड्या, मध्ये भुसभुशीत. फ्रोझन आहे असं लिहिलं असतं तर मी काही बोललो नसतो. पावसात आम्ही पण सुका बांगडा नि सोडेच खातो, त्यात कमीपणा नाही.

पाचवा कोर्स तिरफळ घातलेला बांगडा. तिरफळ म्हणजे आमच्याकडे माशात घालतात तो मसाला. यात तिरफळाचं काळं बी तसंच! टरफल ठेचून घालायचं आणि बी फेकून द्यायचं, हे आमच्या शेजारची नववीतली पोरगी सांगेल. दाताखाली रेती आली, तोंड कडू. बायकोने रुमालात काढून ठेवलं नि म्हणाली, “ह्यांका सासूबाय व्हयी होती.”

प्रत्येक कोर्सआधी भाषण होतं. आजीच्या चुलीची गोष्ट, मातीच्या भांड्यांची गोष्ट, मीठ कुठून आलं त्याची गोष्ट. एका घासाला साधारण तीन मिनिटं. साडेआठला बसलो, अकराला उठलो, भूक होती तशीच.

एक कोर्स मात्र खरंच आवडला. टाकळ्याची भाजी, फणसाच्या आठळ्या घालून, वर ओलं खोबरं. पावसात कोकणात जे असतं तेच, काहीही न लपवता. आठळ्या नीट उकडलेल्या, भुरभुरीत. शेवटचे शिरवाळे, म्हणजे गोड रसातल्या तांदळाच्या शेवया, पण ठीक, रसात गूळ बरोबर पडलेला. या दोन गोष्टी करणाऱ्या हाताला बाकीचं का जमू नये? बहुधा ते वेगळ्या हातांनी केलं असेल.

आता बिल. दोघांचे 5600, त्यावर 10 टक्के सर्व्हिस चार्ज 560, मग सगळ्यावर 18 टक्के जीएसटी. खोल्यांचं भाडं साडेसात हजारांच्या वर, म्हणून 18. ते मान्य. पण सर्व्हिस चार्ज काढा म्हणालो. मॅनेजर म्हणाले, “सर, आमची पॉलिसी आहे.” मी म्हटलं, 2022 पासून केंद्राच्या ग्राहक प्राधिकरणाच्या सूचना आहेत, तो आपोआप लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने 2025 मध्ये त्या कायम ठेवल्या. हेल्पलाइन 1915, लावू का? बिल सुधारून आलं, 6608 रुपये. मुलाच्या हातात मी वेगळे दोनशे दिले.

जायचंच असेल तर नारळी पौर्णिमेनंतर जा, बोटी सुटल्यावर. निघताना मी विचारलं होतं, टाकळा आणि शिरवाळे एवढंच मिळेल का. नाही मिळत. नऊच्या नऊ घ्यावे लागतात.