तबला ‘खेळू’ नका: सोलापुरातल्या नवशिक्या फ्रेंच वर्गाचा छंदांचा धडा कसा आहे?

सात रस्त्याच्या बाजूला शनिवार-रविवारी भरणाऱ्या नवशिक्यांच्या फ्रेंच वर्गात ‘ले लवाज़ीर’, म्हणजे फावल्या वेळेतले उद्योग, हा भाग चार बैठकांत शिकवतात. प्रत्येक बैठक दीड तासाची. सोबत छापील टिपणं आणि व्हॉट्सॲपवर ऐकायला ध्वनिफिती. ‘बाँझूर’च्या पुढे सरकायचं असेल तर हा भाग जरूर करावा. टिपणांवर मात्र विसंबू नये. त्यांतल्या चुका वर्गात तोंडी दुरुस्त होतात, घरी बसून वाचणाऱ्याच्या जिभेवर त्या तशाच बसतात.

शिकवण्यातली सगळ्यात जमलेली गोष्ट म्हणजे ‘झूए’ हे क्रियापद. फ्रेंचमध्ये खेळालाही तेच आणि वाद्यालाही तेच; फरक त्याच्या मागून येणाऱ्या तुकड्यात. खेळ असेल तर ‘आ’, वाद्य असेल तर ‘द’. इंग्रजीच्या वाटेने येणारा इथे हमखास अडखळतो, कारण त्याच्याकडे दोन्हीला ‘प्ले’च आहे. आपण क्रिकेट खेळतो आणि तबला वाजवतो. तबला कुणी खेळत नाही. खेळतो तिथे ‘आ’, वाजवतो तिथे ‘द’ एवढी खूण पुरते. शिक्षिका फळ्याचे दोन भाग करून नेमकं हेच दाखवतात. टिपणांत मात्र हाच धडा इंग्रजी भाषांतरातून दिलाय, म्हणजे हातची सोपी वाट सोडून वळसा.

पुढची पायरी जोडाजोडीची. फ्रेंचमध्ये नामाच्या आधी ‘ल’ (पुल्लिंगी) किंवा ‘ला’ (स्त्रीलिंगी) येतो. ‘आ’ आणि पुल्लिंगी ‘ल’ मिळून ‘ओ’ होतो: ‘झ झू ओ क्रिकेट’ (मी क्रिकेट खेळतो), ‘ओ कबड्डी’, ‘ओ खो-खो’. आपले खेळ फ्रेंचमध्ये नेले की ते साधारणपणे पुल्लिंगीच होतात. बुद्धिबळ आणि पत्ते अनेकवचनी, तिथेही उच्चार ‘ओ’च, पण बुद्धिबळाच्या नावाची सुरुवात स्वराने असल्याने मध्ये ‘ज़’ उमटतो: ‘ओ ज़ेशेक’. वाद्यांत ‘द’ आणि ‘ल’ मिळून ‘द्यू’: ‘झ झू द्यू ताब्ला’. गिटार स्त्रीलिंगी म्हणून ‘द ला गितार’. पेटीच्या नावातला सुरुवातीचा ‘ह’ मुका, त्यामुळे ‘द लार्मोन्यॉम’.

मराठीची ही खूण एका ठिकाणी दगा देते आणि त्याबद्दल वर्गात अवाक्षर नाही. लेझीम, फुगडी, दांडिया आपण ‘खेळतो’, पण त्यांत हारजीत नसते. ती नाचाच्या अंगाची. तिथे ‘झूए’ सोडून ‘फेर’, म्हणजे ‘करणे’, घ्यावं: ‘झ फे द्यू लेझीम’. सोलापुरात शिकवायचं तर हे उदाहरण पहिल्या पानावर हवं होतं.

‘फेर’चा धडा दुसऱ्या बैठकीत येतो आणि थोडा घाईत उरकतात. पोहणे, सायकल चालवणे यांना आपल्याकडे सरळ क्रियापदं आहेत. रोजच्या फ्रेंचमध्ये छंद सांगताना ‘करणे’ अधिक नाम ही जोडी चालते. ‘झ फे द ला नातास्यों’ म्हणजे मी पोहतो, ‘झ फे द्यू वेलो’ म्हणजे मी सायकल चालवतो. ‘चालवणे’ शब्दकोशात पाहून ‘कोंद्वीर’ लावलं की गाडी हाकल्यासारखं होतं. ‘आम्ही’च्या रूपाची सुरुवात लिहिताना ‘फे’सारखीच दिसते, म्हणताना मात्र रूप ‘फ़ज़ों’ होतं. ‘तुम्ही’चं रूप ‘फेत’. ते बाकीच्यांच्या चालीवर ‘फ़ज़े’ करणं ही नवशिक्यांची ठरलेली चूक.

नकाराचा तक्ता टिपणांतला सगळ्यात उपयोगी. ‘झ फे द्यू वेलो’चा नकार ‘झ न फे पा द वेलो’. ‘द्यू’ आकसून ‘द’ होतो. पण ‘झ न झू पा ओ क्रिकेट’मध्ये ‘ओ’ जागचा हलत नाही, आणि ‘झ नेम पा ल वेलो’मध्ये (मला सायकल आवडत नाही) ‘ल’ही तसाच. स्वयंपाकाचा प्रयोग ‘फेर ला क्वीज़ीन’ असा असल्याने नकारातही ‘ला’ टिकतो. या चार ओळी पाठ केल्या तर निम्मं काम झालं.

‘आवडतं’च्या बाबतीत मराठी आडवी येते. ‘मला’ने सुरुवात करायची सवय असल्याने पुष्कळजण ‘म्वा एम’ म्हणून बसतात. फ्रेंचमध्ये आवडणारा माणूस कर्ता असतो: ‘झेम लीर’, म्हणजे मला वाचायला आवडतं. मध्ये ‘आ’ किंवा ‘द’ घुसवायचा नाही. नाम आलं तर मात्र त्याच्या आधी ‘ल’, ‘ला’ किंवा ‘ले’ हवाच: ‘झेम ला म्यूज़ीक’. मराठीत हा प्रकारच नसल्याने तो गळतो. ‘दर रविवारी’साठी ‘ल दिमाँश’, नुसतं ‘दिमाँश’ म्हटलं तर हाच एक रविवार, हा बारकावा वर्गात छान समजावतात.

आता टिपणांची तक्रार. फ्रेंचचे दोन वेगळे ध्वनी एकाच ‘झ’ने छापलेत. ‘मी’ या अर्थाच्या शब्दातला ‘झ’ ना झाडातला, ना झेंड्यातला. ‘श’ म्हणताना जीभ जिथे असते तिथेच ठेवून घशातून आवाज काढायचा. बुद्धिबळातला ‘ज़’ वेगळा, तो ‘स’च्या जागेवरून. खाली टिंब देऊन हा फरक सहज दाखवता आला असता. ‘द्यू’ तर सगळीकडे ‘दू’ छापलाय. ओठ ‘ऊ’चे आणि जीभ ‘ई’ची, हे एक वाक्य तिथे पुरलं असतं. ध्वनिफिती स्वच्छ आहेत. आधी त्या ऐकाव्यात, मग पान उघडावं.

शब्दसूची पुस्तकी आहे. स्कीइंग आहे, घोडेस्वारी आहे. पण नान्नजच्या माळावर पक्षी पाहायला जाणाऱ्याला लागणारं ‘ऑब्सेर्वे ले ज़्वाज़ो’ नाही. हुतात्मा स्मृती मंदिरात नाटक पाहणं वेगळं, ‘आले ओ तेआत्र’, आणि स्वतः नाटकात काम करणं वेगळं, ‘फेर द्यू तेआत्र’, हेही नाही.

शेवटच्या बैठकीत देल्फ ए-वन या नवशिक्यांच्या फ्रेंच परीक्षेचा तोंडी सराव आहे आणि फी तिथे वसूल होते. ही परीक्षा 100 गुणांची असते. उत्तीर्ण व्हायला 50 लागतात आणि चारही भागांत प्रत्येकी 25 पैकी किमान 5. तोंडीत एका टप्प्यावर ‘स्पॉर’, ‘म्यूज़ीक’ असे एकेक शब्द लिहिलेल्या चिठ्ठ्या उचलून परीक्षकालाच प्रश्न विचारायचे असतात. जोडीदाराशी ‘त्यू’ने सराव करून गेलेला तिथेही ‘त्यू’ म्हणून जातो. परीक्षकाला ‘वू’च हवं, जसं आपण अनोळखी मोठ्या माणसाला अहो-जाहो करतो. ‘वू फेत द्यू स्पॉर?’ हा प्रश्न झोपेतही यावा. वर्गात प्रत्येकाला चिठ्ठ्यांच्या दोन फेऱ्या मिळतात. चार मिळायला हव्या होत्या, पण वीसजणांच्या तुकडीत ते जमणं अवघड.

परीक्षेसाठी पुण्याच्या आलियाँस फ्रांसेझला जावं लागतं, तेव्हा हुतात्मा एक्सप्रेसचं आरक्षण वेळेत करावं. जानेवारीची तुकडी शक्यतो टाळा. सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या, म्हणजे गड्ड्याच्या, दिवसांत निम्मी बाकं रिकामी असतात आणि जोडीने सराव करायला जोडीदारच उरत नाही.