सोलापूर की पुणे : एका वर्षाची वही

मावसभावाचा फोन रात्री साडेदहाला आला. "ताई, ऑफर आली. चाकणला. बावीस हजार. येऊ का बे?" 'ताई' आणि 'बे' एकाच दमात फक्त सोलापूरचं पोरगंच घालू जाणे. सध्या त्याला चिंचोळीच्या एमआयडीसीत पंधरा हजार मिळतात. घर जुळे सोलापुरात, जेवण मावशीच्या हातचं, बाईकवर कंपनी पाऊण तासावर.

मला पुण्यात येऊन जूनमध्ये वर्ष झालं. हो किंवा नाही एवढंच सांगून फोन ठेवता आला असता, पण मी पडले अकाउंट्सवाली. रविवारी वही काढून बसले आणि शेवटच्या सहा महिन्यांची सरासरी मांडली. डावीकडे सोलापूरचं शेवटचं वर्ष, उजवीकडे पुणे.

| महिन्याचा हिशेब (रुपये) | सोलापूर | पुणे |
|---|---|---|
| हातात येणारा पगार | १८,००० | ३१,००० |
| रूमभाडं (तिघींत एक फ्लॅट, माझा वाटा) | – | ६,५०० |
| लाइट, गॅस, नेट, भांड्याच्या मावशी | – | १,३०० |
| डबा (दोन्ही वेळ) | – | ३,६०० |
| बाहेरचं खाणं, चहा, नाटक-सिनेमा | १,३०० | ४,२०० |
| पेट्रोल, गाडी | ९०० | १,५०० |
| गावाकडच्या फेऱ्या | – | ८०० |
| घरी दिलेले | ६,००० | ४,००० |
| मोबाइल, कपडे, औषध, आहेर | १,८०० | २,३०० |
| शिल्लक | ८,००० | ६,८०० |

पगार तेरा हजारांनी वाढला आणि शिल्लक बाराशेनं घटली. आईला हा आकडा मी अजून सांगितलेला नाही. यात एकदाचे खर्च धरलेले नाहीत ते वेगळेच : डिपॉझिटचा माझा वाटा वीस हजार, एजंटचं एक महिन्याचं भाडं, गादी, बादली, कपडे वाळत घालायचा स्टँड. आधी तीन महिने एका पीजीत राहिले होते. तिथल्या मालकांनी दहा हजारांच्या डिपॉझिटमधून तीन हजार 'रंगकामाचे' म्हणून कापून घेतले. भिंतीला मी एक खिळाही ठोकला नव्हता. तेव्हा रूम ताब्यात घेताना चारी भिंतींचे फोटो काढून मालकाला पाठवून ठेवायचे, त्याच दिवशी. आणि अकरा महिन्यांचा भाडेकरार नोंदवलेलाच हवा. तो ऑनलाइन होतो. 'नोटरी चालते हो' असं म्हणणाऱ्या एजंटाकडून उठून यायचं.

नुसत्या शिल्लकीवर ठरवायचं तर सोलापूर सरळ जिंकतं. तरी मी परत गेले नाही, त्याचं कारण या तक्त्यात दिसत नाही, कारण तक्ता एकाच महिन्याचा आहे. सोलापुरात चार वर्षांत माझा पगार तेरा हजारांवरून अठरावर गेला. ऑफिसात आम्ही पाचजण, आणि वरची खुर्ची साहेबांच्या पुतण्यासाठी राखीव. पुण्यात पहिल्याच वर्षी तीन राज्यांत शाखा असलेल्या कंपनीचं जीएसटीचं काम हातात पडलं. पहिले दोन महिने रात्री झोपेत रिटर्न भरत होते. आता पगार छत्तीस झालाय. म्हणजे पुढच्या वर्षीच्या वहीत उजवी बाजू वर असेल. पण हे माझ्या कामाचं झालं. सोलापुरात ज्याचं स्वतःचं दुकान आहे, यंत्रमाग आहे किंवा ज्याची शिकवणी चालते, त्याला ही शिडी लागू नाही. त्यानं पुण्यात येऊन कुणाची तरी हजेरी भरावी, हे मला पटत नाही.

म्हणून भावाला पहिला प्रश्न मी असा विचारला : चिंचोळीत तुझ्या वर जो आहे, त्याला किती वर्षं झाली आणि पगार किती? तो म्हणाला, "सुपरवायझर. अकरा वर्षं. चोवीस हजार." त्याच्यापुरतं यातच बरंच काही आलं.

आता अंतराचं बोलते, कारण माझे पहिले चार महिने यातच गेले. ऑफिस नळस्टॉपजवळ आणि राहायला हडपसरला आत्याकडे. भाडं शून्य, जेवण घरचं, आणि आत्याला सोबत. कागदावर याहून स्वस्त काही असूच शकत नाही. प्रत्यक्षात सकाळी आठला निघायचं, बस भरून यायची, मगरपट्ट्यापासून पुलगेटपर्यंत एका पायावर, पुढे दुसरी बस. घरून ऑफिसला सव्वा तास, संध्याकाळी पाऊस असला की पावणेदोन. सोलापुरात विजापूर रोडवरून नव्या पेठेत स्कूटीवर बारा मिनिटं लागायची आणि 'आज सिग्नलला लै गर्दी होती' अशी तक्रार करायचे! आत्याकडे पोचेपर्यंत साडेआठ. मग पाहुणी म्हणून बसून खाता येत नाही, पोळ्यांना हात लावावाच लागतो. चार महिन्यांत मी पुणं म्हणून जे पाहिलं ते बसच्या खिडकीतून.

तिथून पीजी, पीजीतून कर्वेनगरचा फ्लॅट. गावाकडून स्कूटी मागवली. आता वीस मिनिटांत ऑफिस. साडेसहा हजार भाडं देते ते मी चार भिंतींचं मानत नाही; रोजचे दोन तास विकत घेते असं मानते, आणि तो भाव महाग नाही. एमएच-तेरा नंबरप्लेट पाहून चौकात हवालदार अधूनमधून बाजूला घेतात, तेवढं चालवून घ्यायचं.

तेव्हा ऑफर लेटरवर 'पुणे' लिहिलंय म्हणजे किती पुणे, हे आधी नकाशात बघायचं. चाकण खेड तालुक्यात येतं, स्वारगेटपासून पस्तीसेक किलोमीटर, आणि नाशिक हायवेवर शिफ्ट सुटायच्या वेळी तळेगाव चौकात जे होतं ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय कळत नाही. भावाचा बेत होता आत्याकडे राहायचा. हडपसरहून चाकण! मी म्हटलं, आत्याचं प्रेम रविवारी घे. राहायचं तर भोसरी किंवा मोशी, कंपनीची बस जिथे थांबते तिथून चालत दहा मिनिटांवर. एकट्या माणसाला कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेपुरतं भाडं देऊन, तिकडे माझ्यापेक्षा कमीत भागतं. सुट्टीच्या दिवशी शहर बघायचं तर नाशिक फाट्याला मेट्रोत बसावं. २९ सप्टेंबर २०२४ पासून ती जमिनीखालून मंडई करत थेट स्वारगेटपर्यंत जाते. इतर कुठे 'मेट्रो होणारच आहे' या भरवशावर मात्र घर घेऊ नये. जी आज धावतेय तीच धरायची.

पाण्याचं वेगळंच आहे. सोलापुरात चार-पाच दिवसांआड नळ येतो, हे पुण्यातल्या मैत्रिणींना सांगितलं तर त्यांना गंमत वाटते. आमच्याकडे मोठं पिंप, टाकी, घागरी आणि पाणी येणार त्या रात्री जागणारं एक माणूस, हे घराचं फर्निचरच आहे. सोलापूरला पाणी देणारं उजनी धरण ११७ टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट). पुण्याला पाणी देणारी खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चार मिळून एकोणतीसच्या आसपास. तरी इथे कर्वेनगरात रोज नळ आणि तिथे पिंप. शिवाय पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेला आणि भीमेतून उजनीत जातं, म्हणजे इथे बेसिनमध्ये डबा विसळताना मी माहेरच्याच पाण्यात भर घालत असते. सुरुवातीला हे डोक्यात आलं की नळ लगेच बंद करायचे. आताही करते, पण तेवढ्या घाईनं नाही.

पण पुण्यात सगळीकडे असं नाही. महापालिकेत नव्यानं आलेल्या गावांत आणि शहराच्या कडेच्या सोसायट्यांत टँकर चालतात. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोडकडे, नांदेडगाव-किरकटवाडी-धायरीच्या भागात जीबीएसचे (गुलियन बॅरे सिंड्रोम, नसांवर परिणाम करणारा आजार) रुग्ण सापडले तेव्हा आमच्या पूर्ण ऑफिसनं पाणी उकळायला सुरुवात केली होती, असं तिथे जुने असलेले सांगतात. रूम बघायला जाल तेव्हा गॅलरी आणि व्ह्यू नंतर बघा. वॉचमनला विचारा, टँकर आठवड्याला किती येतात. एजंट खोटं बोलेल, वॉचमन बोलत नाही.

खाण्यात सोलापूर पुढे, यावर वाद नको. डब्यात चपाती रोज, भाकरी मंगळवार-शुक्रवार आणि तीही मऊ. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी आई प्रत्येक फेरीला बांधून देते. चटणी पंधरा दिवस पुरायला हवी, पण रूमवरच्या दोघी ती नुसती खातात. उन्हाळ्यात मात्र पुणं. मे महिन्यात सोलापुरात रात्री अकरालाही भिंत तापलेली असते, इथे संध्याकाळी गॅलरीत बसता येतं.

बोलण्याचं मला जड गेलं. पहिल्या आठवड्यात ऑफिसात मी सहज म्हणाले, "काय करायलास?" म्हणजे काय करतेयस. समोरचीनं विचारलं, "कुठे काय करायचंय?" सगळे हसले, मीही हसले, आणि त्यानंतर दोन-तीन महिने तोंड उघडण्याआधी वाक्य मनात धुऊन घेत होते. आता नाही घेत. उलट एक सहकारी परवा फोनवर नवऱ्याला 'लै' म्हणाली. पुण्यातली माणसं वाईट नाहीत. फक्त ती विचारल्याशिवाय सांगत नाहीत आणि बोलावल्याशिवाय येत नाहीत. एकदा मला ताप आला, तीन दिवस अंथरुणात. सोलापुरात असते तर पहिल्याच दिवशी शेजारच्या पद्मशाली काकू तांदळाची पेज आणि अर्ध्या तेलुगूतल्या सूचना घेऊन आल्या असत्या. इथे शेजारच्या फ्लॅटला मी अशी आजारी आहे हे कळायचं कारणच नव्हतं. तिसऱ्या दिवशी डबेवाल्या मावशींनी परत गेलेला डबा भरलेलाच बघितला आणि संध्याकाळी फोन करून विचारलं, "मुगाची खिचडी देऊ का गं?" तोवर मला त्यांचं आडनावही माहीत नव्हतं.

याच न विचारण्याची दुसरी बाजू मला हवीशी आहे. नाटक बघून रात्री साडेदहाला स्कूटीवर परत येते तेव्हा सोसायटीच्या गेटवर कुणी घड्याळ बघत नाही. सोलापुरात आठ वाजले की बाबांचा एक फोन, साडेआठला काकांचा. मुलींनी पुण्याचा विचार करताना ही रक्कम जमेच्या बाजूला मोठ्या अक्षरात धरावी. भावाला यातलं काही लागू नाही. तो तिकडेही साडेअकरापर्यंत पार्क चौपाटीवरच असतो.

गावाशी दोरी कशी राहील हेही बघावं लागतं. अडीचशे किलोमीटर म्हणजे दर आठवड्याला जाता येईल असं वाटतं, तसं होत नाही. हुतात्मा एक्स्प्रेस पुण्याहून संध्याकाळी सहाच्या सुमाराला सुटते. शुक्रवारी ती धरायची तर ऑफिसातून साडेचारला उठावं लागतं, आणि आमच्याकडे रिटर्नच्या तारखा कायम शुक्रवारच्या आगेमागेच येतात. शिफ्टवाल्याला तर विचारायलाच नको. त्या गाडीत एकदा समोरच्या आजोबांनी सांगितलं की ज्या चौघांच्या नावानं ही गाडी आहे, ते धनशेट्टी, कुर्बान हुसेन, सारडा आणि शिंदे, त्यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यातच फाशी दिलं. चार हुतात्मा चौकातून लहानपणापासून हजारदा गेले असेन. येरवडा कुठे आहे हे पुण्यात आल्यावर कळलं. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्राही चुकली. सोलापुरात तेव्हा ऑफिसला कुणी येतच नसे, इथे रजेचा अर्ज करताना 'गड्डा' समजावून सांगता सांगता रजा मागायचीच राहिली.

तर भावाचं काय? चिंचोळीत पंधरा हजारांत त्याची शिल्लक सहाएक हजार राहते. चाकणला बावीसमध्ये, कॉट बेसिसवर राहून, पहिल्या वर्षी तीन-चार राहिली तरी मी चांगली म्हणेन. एवढा तोटा सोसायचा तर तो वरच्या पायरीसाठी, आणि पायरी आहे की नाही हे एकाच गोष्टीवर ठरतं : नोकरी कंपनीच्या रोलवर आहे की ठेकेदाराच्या. रोलवर असेल तर त्यानं यावं, मी स्वतः भोसरीला रूम बघून देईन. कॉन्ट्रॅक्टवर असेल, आणि काही महिन्यांनी 'ब्रेक' देऊन घरी बसवणार असतील, तर चिंचोळीचे पंधरा बरे, त्यात मावशीच्या हातचं जेवणही आहे.

मी विचारलं तेव्हा त्याला सांगता येईना. "कंपनीचंच नाव हाय की वर," एवढंच म्हणत होता. वर नाही, म्हटलं, खाली बघ, सही आणि शिक्का कुणाचा आहे. त्यानं काल फोटो पाठवला, पण तो अंधारात काढलेला, शिक्क्यावर अंगठा आलेला. शनिवारी जातेच आहे. लेटर काढून ठेव म्हणाले, आणि मावशीला सांग, शेंगाचटणीचा डबा या वेळी मोठा लागेल.