रायटर्स अवर : कुणी कुणाचं वाचत नाही असा लेखनगट

पोटापाण्यासाठी मी मुद्रितशोधन करते. दिवसभर दुसऱ्यांच्या वाक्यांतले ऱ्हस्व-दीर्घ तपासायचे आणि उरलेल्या वेळात स्वतःची कादंबरी लिहायची. अशा बाईने लेखनगटात जाणं तसं जोखमीचंच. ओळख करून देताना व्यवसाय सांगून टाकला की आठवड्याभरात कुणाची तरी फाइल येऊन पडतेच. "ताई, घाई नाही हं, सवडीने नजर फिरवा." फाइल उघडावी तर एकशे चाळीस पानं. आणि नाही म्हणायला जावं तर, "तुमचं तर रोजचंच काम आहे की!"

याआधी मी ज्या गटात होते त्याचं नाव घेत नाही, कारण माणसं मनापासून चांगली होती. दर पंधरवड्याला वाचन, वाचनावर चर्चा आणि त्या चर्चेवरच्या रुसव्याफुगव्यांवर पुन्हा चर्चा. माझ्या अभिप्रायांची वाहवा व्हायची. कादंबरी कुठवर आली, हे मात्र वर्षभरात कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी सांगण्यासारखं काही नव्हतंच. गट सोडला, तर एकटीने लिहिताना आणखी वेगळी पंचाईत झाली. आज लिहिलं नाही तर कुणाचं काही अडत नाही, उद्या नाही लिहिलं तरीही नाही.

त्यामुळे 'रायटर्स अवर'बद्दल लिहिताना माझ्याकडे एकच कसोटी आहे. गटात राहूनही स्वतःचं काम पुढे सरकतं का?

आधी हे काय आहे ते सांगते. 'लंडन रायटर्स सलॉन' नावाची लेखकांची एक संस्था आहे. 2020 साली टाळेबंदीच्या काळात त्यांनी झूमवर एकत्र बसून लिहायला सुरुवात केली आणि ते अजून चालू आहे. सोमवार ते शुक्रवार, दिवसाला चार सत्रं. लंडन, न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस आणि ऑकलंड या चार शहरांच्या घड्याळात सकाळचे आठ वाजले की एकेक सत्र सुरू होतं. पैसे लागत नाहीत. नाव नोंदवलं की दुवा मिळतो. संस्थेचं सशुल्क सदस्यत्वही आहे, पण या तासाला बसायला त्याची गरज नाही.

सत्रात घडतं फार थोडं, आणि ते थोडं आहे म्हणूनच मी टिकले. सुरुवातीची काही मिनिटं यजमान स्वागत करतात, कुणा लेखकाचं एखादं वचन वाचून दाखवतात आणि 'आज काय लिहिणार' ते चॅटमध्ये टाकायला सांगतात. मग सगळ्यांचे माइक बंद. पन्नास मिनिटं कुणी बोलत नाही. पडद्यावर पानंच्या पानं भरून चौकोन आणि प्रत्येक चौकोनात कुणीतरी खाली मान घालून बसलेलं. शेवटी काय झालं, काय राहिलं ते पुन्हा चॅटमध्ये लिहायचं आणि निरोप घ्यायचा.

मी चॅटमध्ये देवनागरीतच लिहिते. पहिल्यांदा लिहिलं होतं, 'प्रकरण सात. भावंडांच्या वाटणीचा प्रसंग. थोरलीने गप्प राहायचं की बोलायचं ते आज ठरवणार.' बाजूने इंग्रजी ओळी धो धो वाहत होत्या. कुणाचा प्रबंध, कुणाच्या कविता, कुणी नुसतंच 'ईमेल' लिहिलेलं. माझी ओळ तिथे कुणाला वाचता आली असेल असं वाटत नाही, पण कुठल्याशा अनोळखी माणसाने तिच्यावर बदाम टाकला. हसू आलं. तरी त्या तासात थोरलीला बोलतं केलंच. चारचौघांत सांगून बसलो की काम टाळायला जरा लाज वाटते. समोरच्याला भाषा कळत नसली तरी वाटते, हे मला नव्याने कळलं.

कॅमेरा चालू ठेवावा, असं माझं मत. बंद ठेवून पाहिला आहे. तेव्हा मी बसते खरी, पण पाचव्या मिनिटाला दुसऱ्या खिडकीत कार्यालयाचं प्रूफ उघडलेलं असतं. चालू असला की निदान मान खाली राहते. केस विंचरलेले असायची गरज नाही, कुणी बघत नाही.

आता जे इथे मिळत नाही त्याबद्दल. इथे तुमचं लिखाण कुणी वाचत नाही. प्रकरण फसलंय का, संवाद पुस्तकी झालेत का, थोरली वाचकाला पटते का, यातलं काहीही हा तास सांगणार नाही. पन्नास मिनिटं चुकीच्या दिशेने जोमात लिहीत राहिलात तरी शेवटी अभिनंदनच होईल. वाचक हवा असेल तर तो दुसरीकडे शोधायला लागतो. आणि दुसरीकडे म्हटलं की देवाणघेवाणीचा हिशेब आलाच.

हा हिशेब उघड मांडणाऱ्या व्यवस्था आहेत. विज्ञानकथा, फँटसी आणि भयकथा लिहिणाऱ्यांसाठी 'क्रिटर्स' ही कार्यशाळा 1995 पासून चालते. स्वतःचं हस्तलिखित रांगेत लावायचं तर चारपैकी निदान तीन आठवडे दुसऱ्याच्या लिखाणावर सविस्तर अभिप्राय द्यावा लागतो. मला ही शिस्त आवडते, कारण किती देणं आहे ते आधीच ठरलेलं असतं आणि भिडेला तिथे जागा नसते. पण ज्याचा दिवसच दुसऱ्यांच्या मजकुरात जातो त्याला हे झेपणं कठीण. याच्या उलट नमुना म्हणजे 'नॅनोरायमो'. 1999 साली सुरू झालेला तो उपक्रम फक्त आकडा मागायचा. नोव्हेंबरच्या तीस दिवसांत कादंबरीचे पन्नास हजार शब्द, म्हणजे रोजचे जवळजवळ 1,667. पहिला खर्डा भडाभडा बाहेर काढायचा असेल तर ठीक. मी तिसऱ्या खर्ड्यावर आहे, आणि माझा चांगला दिवस म्हणजे तीनशे शब्द कमी झालेला दिवस. ते तिथे कुठल्या रकान्यात मांडणार? तसाही 2025 मध्ये तो उपक्रम चालवणाऱ्या संस्थेने गाशा गुंडाळला.

रायटर्स अवर यातलं काहीच मागत नाही. फक्त हजेरी मागतो, आणि ती चुकली तरी कुणी विचारत नाही. काहींना हे कोरडं वाटेल. माझ्या दोन मैत्रिणींना सुरुवातीला वाटलंच. एक कथा लिहिते, दुसरी अनुवाद करते. दोघींनाही मीच ओढून नेलं. पहिल्या सत्रानंतर कथावालीचा फोन आला, "अगं, पण कुणी बोललंच नाही माझ्याशी!" म्हटलं, "बाई, त्यासाठीच तर तुला बोलावलं."

पुढे आम्ही तिघींनी या तासालाच स्वतःची सोय जोडून घेतली, आणि माझ्या मते या सेवेचा खरा उपयोग तोच. आठवड्यातली तीन सत्रं ज्याच्या-त्याच्या कामाची. त्यांत एकमेकींचं पान उघडायचं नाही. चौथ्या सत्रात फक्त दुसरीचं वाचायचं आणि त्या पन्नास मिनिटांत जेवढं लिहून होईल तेवढाच अभिप्राय. सत्र संपलं की वाचनही संपलं, राहिलेली पानं पुढच्या आठवड्यात. शिवाय पानं पाठवणारीने आपल्याला काय विचारायचं आहे ते वर लिहून द्यायचं. 'कसं वाटलं?' असं मोघम चालत नाही. अनुवादवालीने मागे विचारलं होतं, 'दुसऱ्या पानावरचा म्हातारा मूळ भाषेत विनोदी आहे, मराठीत रागीट झालाय का?' झाला होता. 'अहो' काढून 'अरे' केल्यावर निवळला. शुद्धलेखन मी कुणाचंच दुरुस्त करत नाही, विचारलं तरी नाही.

महिन्यातून एकदा आम्ही प्रत्यक्ष बोलतो, तेव्हा नियम मिलफर्डचा. 1956 साली पेनसिल्व्हेनियातल्या मिलफर्ड गावी डेमन नाइट वगैरे विज्ञानकथाकार जमले, तिथून रुळलेली ही पद्धत. बाकीच्यांनी पाळीपाळीने बोलायचं, लेखकाने तोवर तोंड उघडायचं नाही, सगळ्यांचं झाल्यावरच उत्तर द्यायचं. कथावालीला हे फार जड जातं. ती बोलत नाही, पण मान इतक्या जोरात हलवते की बोलल्यातच जमा.

या घडीमुळे दुसऱ्यांसाठी जाणारा वेळ मला आधीच दिसतो. परवा एका ओळखीच्या गृहस्थांनी कवितासंग्रह पाठवला, तेव्हा नेहमीसारखं ओशाळून 'बघते' म्हटलं नाही. तिघींचं चौथं सत्र पुढचे पाच आठवडे भरलंय, त्यानंतर एक तास देऊ शकेन, त्यात होतील तेवढ्याच कविता, असं कळवलं. त्यांनी अकरा कविता निवडून पाठवल्या. निवडताना बाकीच्या आपल्या आपणच गळल्या म्हणाले.

कुणी या फंदात पडू नये तेही सांगते. लिहायला सुरुवातच झाली नसेल, काय लिहायचं तेच ठरत नसेल, तर पन्नास मिनिटांची शांतता खायला उठते. अशा वेळी शिकवणारा वर्ग बरा. यजमानांचं बोलणं इंग्रजीत असतं, पण ते मोजकं असतं, अडत नाही. आणि सत्र संपल्यावर चॅट वाचत बसायची सवय लावून घेऊ नका. दुसऱ्यांची कामं वाचून आपणही काही केल्यासारखं वाटतं, तेवढंच.

वेळांचं तेवढं लिहून ठेवा. हिवाळ्यात लंडनचं सत्र आपल्याकडे दुपारी दीडला येतं, न्यूयॉर्कचं संध्याकाळी साडेसहाला, लॉस एंजेलिसचं रात्री साडेनऊला. उन्हाळ्यात तिकडे घड्याळं तासभर पुढे करतात, म्हणून आपल्याकडे तिन्ही तासभर अलीकडे सरकतात. ऑकलंडचं मध्यरात्रीनंतर, ते निशाचरांसाठी. अमेरिका आणि ब्रिटन आपापली घड्याळं वेगवेगळ्या रविवारी बदलतात, त्यामुळे मार्चमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सांध्यावर काही दिवस एक सत्र सरकलेलं असतं, दुसरं नसतं. त्या दिवसांत आम्ही तिघी आदल्या रात्री एकमेकींना वेळ कळवतो. कथावाली तरीही तासभर उशिराच येते.