नऊ महिने फ्लॅट पॅटर्न मेकिंग: आधी सात मांजरपाट, मग ब्लाऊज

माझी छाती ३८. पण टेप काखेतून, उभाराच्या वरच्या बाजूने फिरवला तर माप येतं ३४. या दोन आकड्यांमधले चार इंच मी पंचवीस वर्षं अंगावर वागवले आणि त्यांचं काय करायचं ते मला गेल्या ऑक्टोबरात कळायला लागलं.

शिवणक्लास मी लग्नाआधीच केला होता. ती वही अजून आहे. तिच्यात चार टक्सचा ब्लाऊज (टक्स म्हणजे उभाराला जागा देणारी शिवलेली निमुळती चुणी), कटोरी, प्रिन्सेस कट, पंजाबी ड्रेस, प्रत्येकाचं ड्राफ्टिंग वेगळं. सूत्रं पाठ करायची, छातीचं माप घालायचं आणि बाकी सगळं त्यातून काढायचं. मुंढ्याला, म्हणजे बाही जोडायच्या कापाला, छातीचा सहावा भाग, गळ्याच्या रुंदीला बारावा, वगैरे. ज्यांची ठेवण त्या सूत्राला जुळते त्यांचे ब्लाऊज पहिल्या फटक्यात बसायचे. माझा कधी बसला नाही. खांदा उतरायचा, गळा पुढून पोकळ राहायचा, काखेपुढे कापडाची चुणी पडायची. बाई म्हणायच्या, खांद्यात धर. खांद्यात धरलं की मुंढा काचायचा. मग मुंढा खोल कापायचा. असं करत करत ब्लाऊजचं कापड संपायचं. नंतर बाहेर शिवायला टाकायला लागले तिथेही हेच.

आता हिशेब साधा वाटतो. ३८ चा सहावा भाग सव्वासहा इंचांच्या वर जातो, ३४ चा पावणेसहाच्याही आत राहतो. म्हणजे ३४ च्या सांगाड्यावर मी आयुष्यभर ३८ चा गळा आणि ३८ चे मुंढे चढवत होते. माझा सांगाडा लहान आणि उभार मोठा, हे छातीच्या एका आकड्यात मावतच नाही.

फ्लॅट पॅटर्नमध्ये सुरुवात वेगळीकडून होते. आधी एकच कागद तयार करायचा, बेसिक ब्लॉक. त्याला फॅशन नाही, गळ्याचा आकार नाही, माया (शिलाईसाठी सोडलेलं जास्तीचं कापड) नाही. तो फक्त तुमच्या धडाचा सपाट केलेला आकार. तो मांजरपाटात शिवून अंगावर नीट बसला, की पुढचे सगळे कपडे त्याच कागदाच्या नकलेवर कापून, फिरवून, उघडून काढायचे. मी एक परदेशी व्हिडिओ-कोर्स घेतला, सोबत एक जाड इंग्रजी पुस्तक, आणि रोज रात्री जेवणं आटोपल्यावर डायनिंग टेबलावर ब्राऊन पेपर अंथरला.

पहिले चार महिने मी अंगात घालण्यासारखं काहीही शिवलं नाही, हे आधीच सांगते. ज्यांना दिवाळीपर्यंत ड्रेस हवा आहे त्यांनी दिवाळीनंतर सुरुवात करावी. ब्लॉक बसेपर्यंत माझे सात मांजरपाट, म्हणजे मांजरपाटात शिवलेले सात कच्चे नमुने, झाले. रविवार पेठेतून मी आधी पाच मीटर आणलं, मग पुन्हा पाच, मग आणखी. मांजरपाट धुऊन, वाळवून, इस्त्री करूनच कापायचं. मी पहिला तुकडा तसाच कापला आणि धुतल्यावर तो लांबीला आटला, दोन संध्याकाळी पाण्यात गेल्या.

मापं घेणं हेच मुळात एक काम आहे. क्लासमध्ये आम्ही सात-आठ मापं घ्यायचो. इथे माझ्या वहीत तेवीस आहेत. मानेच्या मणक्यापासून कमरेपर्यंत पाठ. खांद्याच्या गळ्याकडच्या टोकापासून उभारावरून कमरेपर्यंत पुढची लांबी. खांद्याच्या बाहेरच्या टोकापासून कमरेच्या मध्यापर्यंत तिरकं माप, ज्यावरून खांद्याचा उतार कळतो. दोन उभारांमधलं अंतर. पाठीची रुंदी वेगळी, पुढची वेगळी. डावं-उजवं दोन्ही. स्वतःची मापं स्वतः घेता येत नाहीत, हात वर केला की सगळं बदलतं. माझी लेक दोन रविवार टेप घेऊन उभी होती आणि तेव्हाच कळलं की माझा डावा खांदा उजव्यापेक्षा तीन सूत खाली आहे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन सूत म्हणजे अर्ध्या इंचाला एक सूत कमी. डाव्या काखेतून पाठीकडे जाणारी ती तिरकी चुणी मी फोटोंमध्ये वर्षानुवर्षं बघत होते, तिचं कारण तेवढंच होतं.

आता चार इंचांचं. तयार कागदी पॅटर्न काढणाऱ्या मोठ्या परदेशी कंपन्या बहुधा बी कप धरून बेततात, म्हणजे वरच्या मापात आणि उभाराच्या मापात साधारण दोन इंचांचा फरक. माझ्यात चार. म्हणून ब्लॉकचा गळा, खांदा, मुंढा ३४ च्या मापाने काढला आणि कमी पडणारे दोन इंच फक्त उभाराच्या जागी घातले. त्यासाठी पुढचा कागद कमरेपासून वर उभाराच्या बिंदूपर्यंत कापायचा, तिथून मुंढ्याच्या खालच्या भागाकडे वळायचं, पण मुंढ्याच्या कडेशी केसभर कागद जोडलेला ठेवायचा, बिजागरीसारखा. दुसरा काप बाजूच्या शिलाईकडून उभाराच्या बिंदूपर्यंत. मग कागद पसरायचा. मुंढा तसाच राहतो, खांदा तसाच राहतो, आणि जागा नेमकी हवी तिथे तयार होते. नमुना निम्म्या अंगाचा असतो, म्हणून दोन इंच हवे असतील तर एकच इंच उघडायचा. मी पहिल्यांदा दोन उघडले आणि तिसरा मांजरपाट त्यात गेला. चौथा घातला आणि गळा छातीला टेकला. मी आरशासमोर बराच वेळ तशीच उभी राहिले.

मांजरपाटावर पेन्सिलीने छातीची आणि कमरेची आडवी रेघ आखून ठेवा, हा मला मिळालेला सगळ्यात उपयोगी सल्ला. अंगावर घातल्यावर ती रेघ जमिनीला समांतर हवी. पाठीत वर चढली तर पाठीला लांबी कमी आहे, पुढे वर चढली तर उभाराला. चुण्या कुठून कुठे जातात ते बघायचं. ताणाची चुणी जिथे कापड कमी आहे तिकडे बोट दाखवते, आणि झोळ पडला असेल तर तिथे कापड जास्त आहे.

ब्लॉक झाल्यावरचा भाग मात्र निव्वळ आनंदाचा आहे. टक्स उभाराच्या बिंदूभोवती कुठेही फिरवता येतो: खांद्यात, मुंढ्यात, बाजूला, कमरेत, अगदी गळ्यात. नवी रेघ कापा, जुना टक्स मिटवा, नवा आपोआप उघडतो. कोन तोच राहतो, फक्त लांबीप्रमाणे तोंड बदलतं. पाच इंच लांबीचा टक्स एक इंच उघडत असेल तर तोच दहा इंचांवर नेला की दोन इंच उघडतो. हे कागदावर स्वतः करून बघितल्यावर माझी जुनी वही मी पुन्हा उघडली. खांद्यातला आणि कमरेतला टक्स उभारावरून जाणाऱ्या एका शिलाईत जोडले की प्रिन्सेस कट. कटोरीतही तेच टक्स कटोरीच्या भोवतीच्या शिलाईत लपलेले. चार टक्सचा ब्लाऊज म्हणजे तोच उभार चार ठिकाणी वाटून घेतलेला. क्लासमध्ये ही तीन वेगळी ड्राफ्टिंग म्हणून मी घोकली होती, आणि ती एकच गोष्ट होती. हे कुणी तेव्हा सांगितलं असतं तर मी शिवण सोडलं नसतं, असं मला मनापासून वाटतं.

दोन गोष्टी कोर्समध्ये भरभर उरकल्या होत्या, त्या माझ्या अनुभवाने सांगते. टक्सचं टोक उभाराच्या बिंदूवर नेऊ नका, एक ते दीड इंच अलीकडे थांबा, नाहीतर तिथे टोकदार कोन दिसतो. आणि टक्स कागदावर दुमडून मगच कमरेची कड कापा. दुमडलेल्या टक्सच्या तोंडाशी छोटी चोच येते. ती न ठेवता सरळ कापलं तर शिवल्यावर टक्सच्या जागी कमरेला खड्डा पडतो.

मुंढ्याबद्दल जास्त लिहिते, कारण सगळ्यात जुनी चूक मी इथे सुधारली. हात वर केला की ब्लाऊज अख्खा वर येतो, काखेत ओढतं, ही तक्रार आपल्याकडे घरोघरी आहे आणि उपाय एकच सांगितला जातो, मुंढा खोल करा. खोल मुंढ्याने ओढणं वाढतं. बाही जितकी खालून जोडलेली, तितकी हात उचलताना ती बाजूची शिलाई वर खेचते. मी मुंढा पाच सूत वर घेतला, काखेच्या जवळ, आणि बाहीचा डोंब, म्हणजे तिचा वरचा गोलाकार उंचवटा, थोडा बुटका करून दंडात रुंदी दिली. आता वरच्या फळीवरचा डबा काढताना ब्लाऊज जागचा हलत नाही. डोंब उंच ठेवला तर हात खाली असताना बाही देखणी पडते, बुटका ठेवला तर हात मोकळा हलतो. दोन्ही एकत्र पुरतं मिळत नाही, निवडावं लागतं. पुस्तकात बाहीच्या डोंबाला मुंढ्यापेक्षा दीड इंच जास्त घ्यायला सांगितलं आहे. आपल्या सुती ब्लाऊजपीसमध्ये तेवढं मुरवता येत नाही, खांद्यावर बारीक चुण्या राहतात. मी अर्ध्या इंचावर आले. बाही अजूनही माझी कच्ची बाजू आहे. डावी चांगली बसते आणि उजवी दोनदा उसवावी लागते.

साडीचा ब्लाऊज या कोर्समध्ये नाहीच, हे घेण्याआधी लक्षात ठेवा. लूजिंग (अंगाच्या मापापेक्षा जास्त ठेवलेली सैल जागा), लांबी, पुढच्या हुकांची पट्टी, सगळं आपलं आपण ठरवायचं. कोर्समध्ये छातीला तीन इंच लूजिंग धरलं आहे. मी ब्लाऊजला सव्वा इंच ठेवते, कुर्त्याला साडेतीन. पैठणीचा ब्लाऊज करताना आणखी एक गोष्ट समजली. साडीत ब्लाऊजसाठी साधारण ८० सेंटिमीटर कापड असतं आणि काठ बाहीला हवा असतो. बाही खाली निमुळती केली की तिची खालची कड कागदावर जरा वळवून घ्यावी लागते, आणि वळलेल्या कडेवर काठ सरळ बसत नाही. म्हणून त्या बाहीचा निमुळतेपणा काढून टाकला. कागदाचे सगळे तुकडे आधी कापडावर मांडून, उभा धागा जुळवून बघता आले, म्हणून पैठणीला कात्री लावताना हात थरथरला नाही. अरुंद पन्ह्याच्या खणाला तर ही मांडणी फारच कामी येते.

साहित्यात मोठा एल स्केल, फ्रेंच कर्व्ह, ट्रेसिंग व्हील आणि चांगला टेप एवढं पुरतं. टेप नवा घ्या, जुने ताणले जातात. माझा जुना स्केलशी लावून पाहिला तर साठ इंचांत दोन सूत लांब निघाला. वर्तमानपत्रावर ब्लॉक काढू नका, कड मऊ पडते. पक्का झालेला ब्लॉक मी कार्डशीटवर चिकटवला, त्यावर नाव, तारीख आणि छाती-कंबर लिहिली आणि भोक पाडून खुंटीला टांगला.

आता आईबद्दल. आई ७४ वर्षांची आहे. तिला पोक आलंय. तिचे ब्लाऊज पाठीत वर चढायचे, मागे कमरेशी उघडं पडायचं, आणि पुढे छातीवर कापड ढोलकं व्हायचं. चारचौघांत बसताना ती पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट घ्यायची. मला वाटायचं ती तशीच घेते.

मार्चमध्ये तिची मापं घेतली. मानेपासून पाठ माझ्यापेक्षा लांब, उंचीने ती माझ्यापेक्षा कमी असून. पुढची लांबी पाठीपेक्षा चांगलीच कमी. तिचा पाठीचा कागद पोकाच्या पातळीवर मधल्या रेघेपासून मुंढ्यापर्यंत आडवा कापला, मुंढ्याशी जोडलेला ठेवून मध्यावर सव्वा इंच उघडला. त्याने गळ्याशी कापड जास्तीचं झालं, ते मागच्या गळ्यात दोन छोट्या टक्समध्ये घेतलं. पुढच्या कागदात छातीच्या वर पाऊण इंचाची घडी घालून लांबी काढून टाकली. खांद्याची शिलाई अर्धा इंच पुढे सरकवली, कारण तिचे खांदे पुढे आले आहेत, आणि बाहीच्या डोंबावरची खूणही तेवढीच पुढे नेली. तिला तीन मांजरपाट लागले. दर वेळी ती न कंटाळता उभी राहिली, टाचण्या लागल्या तरी.

एप्रिलमध्ये इरकलीवरचा ब्लाऊज झाला. घालून ती खुर्चीत बसली, उठली, पाठीवर हात फिरवून खाली कापड आहे का ते चाचपलं. मग म्हणाली, "अगं, हा जागेवर राहतोय." त्या दिवशी तिने पदर एकाच खांद्यावर घेतला.

आजवरचा हिशेब: माझे सहा ब्लाऊज, तीन कुर्ते, आईचे चार ब्लाऊज. स्ट्रेच कापडाला हा ब्लॉक चालत नाही, त्याला वेगळा काढावा लागतो, तो मी अजून केलेला नाही. तुम्हाला एखाद-दुसराच कपडा हवा असेल तर एवढा खटाटोप करू नका, चांगला शिंपी गाठा आणि त्याला पुढची-मागची लांबी वेगळी मोजायला सांगा. पण अंगात काही वाकडं, खालीवर, कमीजास्त असेल आणि शिवायची आवड असेल, तर हे चार महिने द्याच.

आईच्या ब्लॉकवर मी "मार्च" असं पेन्सिलीने लिहिलंय. पोक वाढत असतं. दिवाळीच्या आधी तिची पाठ पुन्हा मोजायची आहे, आणि सव्वा इंचाचं दीड झालं असेल तर तेवढं उघडायला कागदात जागा ठेवली आहे.