लंडनच्या पोर्टलवर माझ्या वाइनच्या पेट्या विकल्या, नागपुरात बसून: अकरा महिन्यांनंतर

जून 2024 पासून मी माझ्या एकोणीस पेट्यांपैकी अकरा विकायला काढल्या. आता मे 2025 संपत आलाय. आठ गेल्या, तीन अजून पडून आहेत. परदेशातून परत आलेल्या आणि तिकडे वाइन ठेवून आलेल्या ओळखीच्यांपैकी निदान चौघांनी मला गेल्या वर्षभरात विचारलं, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

आधी पेट्या आहेत कुठे, ते. आम्ही अठरा वर्षं इंग्लंडात लीड्सला होतो, 2021 मध्ये धरमपेठेतल्या घरी परतलो. तिथे असताना मी जवळजवळ दर वर्षी थोडी वाइन घ्यायचे. बहुतेक फ्रान्समधल्या बोर्दोची, थोडी इटलीची. घ्यायचे ती 'एन प्रीमर' पद्धतीनं, म्हणजे वाइन पिंपात असतानाच पैसे भरायचे, बाटल्या दोनेक वर्षांनी. आणि आल्यावरही घरी मागवायच्या नाहीत, 'इन बाँड' ठेवायच्या. बाँडेड गोदामातून माल बाहेर निघत नाही तोवर तिकडची ड्यूटी आणि 20 टक्के व्हॅट लागत नाही. अशी काही गोदामं विल्टशायरमध्ये जमिनीखालच्या जुन्या दगडखाणींत आहेत. माझं साधं जमिनीवरचं आहे, पण बारा महिने तेरा अंशांच्या आसपास असतं.

'इकडे का नाही आणल्या?' हा पहिला प्रश्न सगळेच विचारतात. विमानातून माणशी दोन लिटर चालतात, म्हणजे 750 मिलीच्या दोनच बाटल्या. मागवायच्या म्हटल्या तर कस्टम्स ड्यूटीच 150 टक्के. आणि समजा आणल्या, तर ठेवणार कुठे? मेमध्ये इथे पारा 45 च्या वर जातो. कूलर लावलेल्या खोलीतही दुपारी तीसच्या खाली येत नाही.

हे मी ऐकीव सांगत नाहीये. पाच-सहा बाटल्या मी इकडे आणल्या होत्या, त्यातल्या दोन पहिल्या उन्हाळ्यात माळ्यावर राहून गेल्या. दिवाळीच्या साफसफाईत काढल्या तेव्हा बाटलीच्या तोंडावरचं आवरण फुगलेलं होतं. ते सोलल्यावर दिसलं की बूच काचेच्या कडेच्या दोन-तीन मिलिमीटर वर आलंय आणि त्याच्या बाजूनं वाइन पाझरून खाली चिकट, काळसर ओघळ वाळलाय. चव शिजवलेल्या मनुकांसारखी लागत होती. फार वाईट वाटलं. दोन्ही मटणाच्या रश्श्यात गेल्या.

इकडच्या बाकीच्या बाटल्यांचं, म्हणजे भेट आलेल्या नाशिकच्या आणि अकलूजच्या वाइनचं काय करायचं, म्हणून मी नागपुरातल्याच सदर भागातल्या एका दुकानात विचारलं होतं. दुकानदार अगदी नीट बोलले: "मॅडम, सीलबंद असली तरी घेता येत नाही. आमचा माल टीपीवर येतो, प्रत्येक बाटलीची नोंद असते." टीपी म्हणजे वाहतुकीचा परवाना. बरोबरच आहे. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम 1949 चा आहे आणि परवान्याशिवाय एक बाटली विकणं हाही गुन्हाच. ओळखीच्या ग्रुपवर 'कोणाला हवी का, अर्ध्या किमतीत' असं टाकणारे लोक मी पाहिलेत. कृपा करून टाकू नका. आणि आपल्या विदर्भात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते: वर्धा आणि गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे आहेत. माझं माहेर वर्ध्याचं, त्यामुळे भावाकडे एक बाटली भेट म्हणूनसुद्धा नेता येत नाही. तेव्हा इकडच्या बाटल्या बोलावून, बसून प्यायच्या. विकायचा विचार फक्त तिकडच्या पेट्यांचा.

आता पोर्टल. ज्या व्यापाऱ्याकडून बहुतेक पेट्या घेतल्या, त्यांचंच आहे. खात्यात आपल्या पेट्या दिसतात, हवी ती निवडायची, किंमत आपण ठरवायची. विकली गेली की दहा टक्के कमिशन. माल जागचा हलत नाही, नाव फक्त बदलतं. खरेदीदार कोण ते कळत नाही. इन बाँड असल्यामुळे तो ब्रिटनबाहेरचाही असू शकतो. हाँगकाँगनं तर 2008 मध्येच वाइनवरचा कर काढून टाकला, त्यामुळे तिकडच्यांना बाँडमधला मालच हवा असतो. एवढ्यासाठी तरी पेटी एकदा घरी मागवून 'ड्यूटी पेड' करू नका. मग ती परत बाँडमध्ये जात नाही, आणि ती मधल्या काळात कुठल्या कपाटात होती याची खात्री कोण देणार? भाव तिथेच पडतो.

लिस्टिंगचं काम खरंच सोपं आहे. पहिल्या दहा पेट्या मी एका दुपारी, वाळ्याच्या ताट्यांसमोर बसून टाकल्या. कठीण आहे ते किंमत ठरवणं, आणि इथे मी चुकले.

बोर्दोतल्या कांतमर्लची 2010 ची बारा बाटल्यांची पेटी मी 2011 मध्ये 270 पौंडांना घेतली होती. मी 400 लावले. ऑगस्टमध्ये 385 ची बोली आली. मी नाकारली. मनात होतं, 2010 चं नावाजलेलं साल आहे, थोडं थांबू. पण 2022 च्या शेवटापासून चांगल्या वाइनचा बाजार उतरत होता आणि 2024 मध्येही तो सावरला नव्हता, हे मी नुसतं वाचलं होतं, मनावर घेतलं नव्हतं. शेवटी फेब्रुवारीत 360 ला गेली. कमिशन गेलं 36, हातात 324. वर तिचं अकरा वर्षांचं गोदामभाडं, वर्षाला साधारण 13 धरून, 143. उरले 181. म्हणजे 270 च्या पेटीत 89 पौंडांचं नुकसान, महागाई न धरता.

हा हिशेब मी पहिल्यांदा फेब्रुवारीत मांडला, आणि तो मला पेटी गोदामात आली तेव्हा, 2013 मध्येच मांडायला हवा होता. भाडं पेटीला असतं, किमतीला नाही. 270 ची पेटी आणि 2,000 ची पेटी सारखंच भाडं खाते. माझ्याकडच्या इटलीतल्या 2010 च्या बरोलोच्या सहा बाटल्या 210 ला घेतलेल्या होत्या, त्या दहा दिवसांत 560 ला गेल्या. कमिशन आणि भाडं वजा जाऊनही 400 च्या वर उरले. तेव्हा स्वस्त पेटी 'पुढे कधीतरी पिऊ' म्हणून बाँडमध्ये ठेवण्यात काहीच अर्थ नाही. आठ-दहा वर्षांत प्यायची नसेल तर लवकर विका.

तक्रार एकच, पण मोठी आहे. ऑक्टोबरमध्ये एक पेटी विकली गेली आणि तीन दिवसांनी सौदा रद्द झाल्याची मेल आली. कारण काय, तर 'स्थिती'. फोटो मागितले. ते यायला सात आठवडे लागले. दर वेळी नवीन माणूस, दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगा. लंडनची कचेरी उघडते तेव्हा इथे दुपारचा दीड, थंडीत अडीच, म्हणजे नेमके माझ्या ओपीडीचे तास. शेवटी फोटो आले. लाकडी झाकणावर भाजून उमटवलेला शिक्का स्वच्छ, अकरा बाटल्यांत वाइन मानेपर्यंत, आणि बाराव्या बाटलीत ती उतरून खांद्याला टेकलेली. म्हणजे ते बूच आधीपासूनच धरत नव्हतं. विकत घेणाऱ्यानं नाही म्हटलं यात त्याचं काहीच चुकलं नाही. पण लिस्टिंगच्या आधीच तपासणी केली असती तर माझे दोन महिने वाचले असते. आता पंधरा वर्षांवरच्या पेटीचे फोटो मी आधीच पैसे भरून काढून घेते. तुम्हीही घ्या.

पैसे फक्त ब्रिटनमधल्या खात्यात येतात. माझं खातं चालू होतं म्हणून निभावलं. ते बंद करून आला असाल तर आधी पोर्टलला विचारा. तिथून इकडे पाठवताना आपल्या बँकेनं 'पैसे कशाचे' हे विचारलं, म्हणून प्रत्येक विक्रीची पावती जपून ठेवा. आणि इन्कम टॅक्सच्या रिटर्नमध्ये परदेशी खात्यासाठी शेड्यूल एफए, म्हणजे परदेशी मालमत्तेचा तक्ता, भरावं लागतं, ते सीएला आठवणीनं सांगा.

सर्वांत चांगली विक्री कुठली झाली, तर बोर्दोतल्याच लेओविल बार्तों 2005 ची. लेक 2005 ची. ती झाली त्या सालची वाइन तिच्या लग्नात उघडायची म्हणून मी 2006 मध्ये ती पेटी 460 पौंडांना घेतली होती. बोर्दोला ते साल फार चांगलं गेलं, त्यामुळे ठेवायलाही योग्य. गेल्या दिवाळीत ती सुट्टीवर आली तेव्हा मी तिला फोटो दाखवले. ती म्हणाली, "आई, मी पीत नाही गं. आणि माझ्यासाठी म्हणून तू अजून दहा वर्षं भाडं भरत बसू नकोस." मला रडू आलं, आणि तिला ते दिसलं. मग आम्ही दोघींनी मिळूनच ती पेटी लिस्ट केली. किंमत तिनं टाकली, 900. मूळ लाकडी पेटी, कधीही न उघडलेली, बाराही बाटल्या सारख्या भरलेल्या. नवव्या दिवशी रात्री पावणेदहाला फोन वाजला, पूर्ण किमतीला गेली होती. घेणाऱ्याच्या घरीही कोणी 2005 चं असावं, असं मला वाटतं. हातात आले 810, ते तिच्या फीमध्ये गेले.

उरलेल्या तीन पेट्या दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या बरोसाच्या शिराझच्या आहेत, फार गडद, ओकचा वास भरपूर. चाळिशीत मला त्या आवडायच्या, आता एक ग्लासही संपत नाही. मार्चमध्ये किंमत पाच टक्के उतरवली, काल आणखी पाच. पुढचं भाड्याचं बिल सप्टेंबरात येतं, त्याच्या आत जी बोली येईल ती घेणार आहे. आठ पेट्या मात्र ठेवल्यात. दर हिवाळ्यात लेक येताना त्यातल्या दोन बाटल्या बाहेर काढून, ड्यूटी भरून आणते, आणि जानेवारीत, नागपूरची थंडी असेपर्यंत, आम्ही त्या उघडतो.