मृत्युपत्र समजून अप्पांनी कुलमुखत्यारपत्रावर सही केली

आई गेल्यानंतर, सोलापूरच्या पूर्व भागातले घर आम्हा तिघा भावंडांना समान मिळावे म्हणून अप्पांनी मृत्युपत्र करायचे ठरवले. त्यांचे सारे आयुष्य यंत्रमागावर गेले. तेव्हा वय 79 होते आणि एका डोळ्यात मोतीबिंदू होता. ओळखीतून एक एजंट मिळाला. मजकूर, साक्षीदार आणि नोंदणी मिळून 18,000 रुपये त्याने आगाऊ घेतले. त्याने दिलेला मसुदा मी घरी शब्दन्‌शब्द वाचला. त्यात काहीच वावगे नव्हते आणि त्यामुळेच मी पुढे गाफील राहिले.

नोंदणीच्या दिवशी "तुम्ही वारस आहात, आत थांबलात तर उद्या दबाव आणून लिहून घेतले असा आक्षेप येईल," असे सांगून त्याने मला बाहेर बसवले. असे आक्षेप खरोखरच घेतले जातात, म्हणून मला ते पटले. आत अप्पांसमोर मात्र दुसराच दस्त ठेवला गेला. "दस्त मान्य आहे का?" या प्रश्नाला ते विश्वासाने हो म्हणाले, फोटो निघाला, अंगठा उमटला, आणि घर विकण्याचे अधिकार देणारे कुलमुखत्यारपत्र एजंटाच्या माणसाच्या नावे नोंदले गेले. त्यासाठी मुद्रांक माझ्यासमोरच घेतला होता. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही, ते साध्या कागदावर दोन साक्षीदारांसमोर करता येते आणि त्याची नोंदणीही ऐच्छिक असते, एवढे ठाऊक असते तर मी तिथेच त्याला अडवले असते.

मूळ दस्त पंधरा दिवसांत देतो म्हणून तो टोलवत राहिला. दोन महिन्यांनी एक गृहस्थ टेप घेऊन घर मोजायला आले. 2 लाख रुपये विसार देऊन साठेखत, म्हणजे घर विकत घेण्याचा करार, केल्याचे सांगत त्यांनी कुलमुखत्यारपत्राची छायाप्रत पुढे केली, तेव्हा अप्पा उंबऱ्यातच मटकन बसले.

नुसत्या कुलमुखत्यारपत्राने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केले आहे, असे वकिलांनी सांगितले. परंतु त्याच्या आधारे खरेदीखत नोंदले गेले असते, तर ते रद्द करून घेण्यासाठी दिवाणी न्यायालयात वर्षे गेली असती. म्हणून त्याच आठवड्यात आम्ही नोंदणीकृत रद्दपत्र केले, मुखत्याराला नोटीस पाठवली, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली आणि पोलिसांत तक्रार केली.

या धास्तीने नातेवाइकांनी बक्षीसपत्राचा आग्रह धरला, कारण राहते घर मुलांना देताना मुद्रांक शुल्क केवळ 200 रुपये लागते. मी तो मानला नाही. बक्षीसपत्र होताच घर अप्पांचे राहत नाही. आणि सांभाळ न झाल्यास ते परत मिळवण्याची सोय 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 मध्ये असली, तरी सांभाळाची अट दस्तातच स्पष्ट लिहिलेली असणे केव्हाही सुरक्षित. शेवटी घरीच मृत्युपत्र केले. अप्पांनी ते मोठ्याने वाचले आणि शेजारचे काका व आमचे डॉक्टर यांच्यादेखत सही केली.

एजंटाचा फोन बंद आहे. विसार देणाऱ्या गृहस्थांचे 2 लाखही परत मिळालेले नाहीत. आमच्या तक्रारीत आता त्यांचाही जबाब नोंदवला गेला आहे.