साठीत ब्लूज गिटार: थिअरी किती पुरे?

गेल्या दोन वर्षांत हा प्रश्न मला तिघांनी विचारला आणि तिघंही निवृत्तीच्या आसपासचे. त्यातला एक कोथरूडचा जुना मित्र. कॅम्पातून गिटार घेऊन आला, सोबत थिअरीची दोन जाड पुस्तकं. "आधी ही संपवू, मग वाजवायला बसू का रे?" मी स्वतः सत्तावन्नाव्या वर्षी गिटार हातात घेतली, त्यामुळे या प्रश्नामागची धास्ती मला ठाऊक आहे. बोटं पूर्वीसारखी वळत नाहीत आणि भलत्या वाटेवर गेलेली वर्षं परत मिळत नाहीत.

एक वाट म्हणजे थिअरी अजिबात नको, टॅब (कुठली तार कुठे दाबायची ते आकड्यांत लिहिलेलं) आणि व्हिडिओ बघून वाजवायचं. या वाटेला कमी लेखू नका. ब्लूज मुळात ऐकून-बघूनच हातात आलेलं संगीत आहे. जुना ब्लूज गिटारवादक रॉबर्ट जॉन्सन याची 1936 आणि 1937 मध्ये रेकॉर्ड झालेली 29 गाणी आजही गिटारवाले कानाने उतरवून घेतात. पण ते जुने ब्लूजवाले त्या संगीतातच वाढले होते. आपले कान भावगीतं आणि नाट्यपदांवर वाढलेत. टॅबवर पहिल्या महिन्यात मजा येते, चार-पाच लिक, म्हणजे छोटे ठरलेले तुकडे, बसतात. मग कुणीतरी ए ची पट्टी सोडून जी मध्ये वाजवायला घेतलं की सगळं अडतं. शिवाय या वयात नुसते फ्रेटचे (गिटारच्या मानेवरच्या घरांचे) आकडे डोक्यात टिकत नाहीत. कारण कळलेलं मात्र टिकतं.

दुसरी वाट ग्रेडच्या परीक्षांची. मी आठ महिने एका क्लासमध्ये त्या वाटेने गेलो. आठवड्याला मिळणाऱ्या चार तासांतले तीन पाच रेघांवरचे स्वर वाचण्यात जायचे. शिक्षक मनापासून शिकवत, पण मला ब्लूज वाजवायचं होतं आणि आठ महिन्यांनी मला साधा शफल, म्हणजे ब्लूजचा झुलता ठेका, येत नव्हता. वर गोंधळ वेगळाच. पुस्तकाप्रमाणे ए मेजरमध्ये सेव्हन्थ कॉर्ड (एकत्र वाजणारे चार स्वर) ई वर येतो आणि तो सुटून ए कडे जातो. ब्लूजमध्ये ए, डी, ई तिन्ही सेव्हन्थ, आणि ए सेव्हन तर चार-चार बार (एक बार म्हणजे चार मात्रा) निवांत बसून राहतो. जॅझ किंवा क्लासिकल गिटारकडे जायचं असेल, किंवा परीक्षेशिवाय अभ्यासच होत नसेल, तर ही वाट जरूर घ्या. फक्त आधी एक पाहून ठेवा: एबीआरएसएम या ब्रिटिश परीक्षा मंडळात सहाव्या ग्रेडपासून पुढे थिअरीची, किंवा तिच्याऐवजी मान्य असलेली, पाचवी ग्रेड आधी लागते, ट्रिनिटी या दुसऱ्या मंडळाला अशी अट नाही.

तिसरी वाट कामापुरत्या थिअरीची. मी तिच्याच बाजूचा आहे. ही सगळी थिअरी वहीच्या दोन पानांत मावते.

पहिलं पान बारा बारचं. चार मात्रांचे बारा बार म्हणजे 48 मात्रा, म्हणजे तीनतालाची तीन आवर्तनं! पहिलं आवर्तन पूर्ण ए सेव्हन. दुसऱ्याच्या समेला डी सेव्हन, नवव्या मात्रेला, खालीच्या जागी, परत ए सेव्हन. तिसऱ्याच्या समेला ई सेव्हन, पाचव्या मात्रेला डी, नवव्या मात्रेला ए आणि तेराव्या मात्रेला पुन्हा ई, जो तुम्हाला पहिल्या समेवर आणून सोडतो. ठेका अर्थातच तीनतालाचा नाही. इथे प्रत्येक मात्रेचे तीन भाग पडतात आणि त्यातून तो झोका येतो. पण मोजायला याहून सोपं काही मला सापडलेलं नाही. कॉर्डची नावं पाठ करण्याऐवजी एक-चार-पाच असे पट्टीतल्या स्वरांचे आकडे लक्षात ठेवले की जी मध्ये जी-सी-डी आपोआप सुचतं.

दुसरं पान स्वरांचं. ए ला सा माना. ब्लूजची पाच स्वरांची सरगम, मायनर पेंटाटोनिक, म्हणजे सा, कोमल ग, म, प, कोमल नी. धानी रागाचे स्वर. पाचव्या फ्रेटवर हात ठेवला की हे सगळे बोटांखाली येतात. आता तिसरी तार, जी ची, हिचा पाचवा फ्रेट दाबा. हा कोमल ग. तार किंचित ओढा, इतकीच की स्वर शुद्ध ग कडे निघाला पण पोचला नाही. ब्लूजचा जीव त्या मधल्या जागेत आहे. ज्याने मींड ऐकली आहे त्याला ती जागा समजावून सांगावी लागत नाही. मग ए सेव्हन चालू असताना त्याच तारेवर सहाव्या फ्रेटचा शुद्ध ग धरा आणि डी सेव्हन येताक्षणी एक फ्रेट मागे, कोमल ग वर या. शुद्ध ग हा ए सेव्हनमधला स्वर, कोमल ग डी सेव्हनमधला. एका फ्रेटच्या हालचालीत कॉर्ड बदलल्याचं ऐकणाऱ्याला कळतं.

ज्यांनी गांधर्वच्या परीक्षा दिल्यात त्यांना इथे फायदा आहे, तसा एक धोकाही. आपल्याकडे तानपुऱ्याचा सा हलत नाही. इथे स्वर तोच राहतो आणि त्याच्या खालची जमीन सरकते. हे पचायला मला सहा महिने लागले. तेवढा काळ रोज पाच मिनिटं फक्त कॉर्ड बदलताना ऐकत बसा, त्या वेळात गिटार मांडीवर असली तरी वाजवू नका.

वेळेचं म्हणाल तर अर्ध्या तासातली वीस मिनिटं हाताला, पाच ऐकायला, पाच वहीला. हलक्या, नऊ गेजच्या (सर्वांत पातळ तार 0.009 इंचाची) तारा लावा. साठीतल्या बोटांना बेंड करताना, म्हणजे तार ओढताना, त्यांचा खूप आधार होतो.

मित्राची पुस्तकं अजून कपाटातच आहेत. गेल्या रविवारी त्याच्या बाल्कनीत बसलो होतो. बॅकिंग ट्रॅकवर (साथीच्या रेकॉर्डिंगवर) डी सेव्हन आला आणि न बघता त्याचं बोट एक फ्रेट मागे सरकलं. दोघांनीही ट्रॅक थांबवला नाही.